परतीच्या विमानात अनुपस्थित

३

"प्रवासी क्रमांक दोन. परतीच्या विमानात अनुपस्थित : हजारात तीन. कारण : पाणी."

अहवाल एकोणीस पानांचा होता. हे वाक्य चौदाव्या पानावर, नाश्त्याच्या शिफारशी आणि डासांच्या मलमाच्या मधे होतं. मी ते जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला.

प्रवासी क्रमांक एक मी, गौतमी शेडगे, कराडच्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ. क्रमांक तीन माझा धाकटा भाऊ रणजित. तो नागपूरहून निघून आम्हाला कोचीच्या विमानतळावर भेटणार होता.

क्रमांक दोन आमचे अण्णा. वय बहात्तर. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात पाणबुडे. धरणाच्या दारांना खाली कुठे गंज चढलाय, कुठलं रबर फाटलंय हे हातानं चाचपून वर येऊन सांगायचं, हे त्यांचं काम. हातानं, कारण धरणाच्या तळाशी दिसत काहीच नाही. एकतीस वर्षं अण्णा पाण्याखाली गेले आणि तपकिरी अंधाराशिवाय त्यांनी तिथे काही पाहिलं नाही. आई गेल्यानंतर दोन वर्षांनी, एका रविवारी पोह्यांची बशी पुढे ओढत ते म्हणाले, "तळ दिसतो असलं पाणी एकदा बघायचंय मला."

आई गेल्यापासून त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट.

म्हणून नीरकल. कोचीहून सव्वा तासाचं विमान. पाच दिवस, खोल्यांचं दार उघडलं की वाळू.

नीरकल एवढंसं बेट आहे. मोठं हॉस्पिटल नाही, विमान दिवसाआड एक. त्यामुळे तिथलं प्रशासन परवाना देण्याआधी तालमीचा दाखला मागतं. तालीम आपण करत नाही, आपला डमी करतो. मनगटावरच्या पट्ट्यातून चाल, नाडी, झोप. फोनमधून बोलण्याची लकब. वर दोनशे चाळीस प्रश्नांची उत्तरं. यातून संगणकात एक माणूस उभा राहतो. कंपनी त्याला 'प्रतिरूप' म्हणते, बाकी सगळे डमी म्हणतात. मग डमींना संगणकातल्याच नीरकलला पाठवतात. तिथली भरती-ओहोटी खऱ्यासारखी, वारा खऱ्यासारखा, न्याहारीला होणारा उशीरसुद्धा खऱ्यासारखा.

एकदा नाही, हजार वेळा. हवामानवाले उद्याचा पाऊस सांगताना एकच गणित पन्नास वेळा सोडवतात, दर वेळी सुरुवातीचा वारा किंचित हलवून. पन्नासांत चाळीसदा पाऊस पडला तर आपल्याला 'ऐंशी टक्के शक्यता' ऐकू येते. इथेही तसंच. एका तालमीत अण्णा उजव्या कुशीवर उठतात, दुसरीत डाव्या. एकीत आभाळ येतं, एकीत येत नाही. तेवढ्यानं पुढचं सगळं बदलतं, किंवा बदलत नाही.

हजार सहली. तीन सहलींत परतीच्या विमानात एक खुर्ची रिकामी.

आम्हाला दाखला मिळाला होता. हिरवा शिक्का. तीन हा आकडा प्रशासनाला चालत होता.

रणजितला फोन लावला.

"ताई, तीन म्हणजे काहीच नाही. नऊशे सत्त्याण्णव अण्णा खोबऱ्याचं कालवण खाऊन परत येतायत."

"आणि तीन अण्णा?"

"ते अण्णा नाहीत गं. गणित आहे."

"तुझं किती आलंय?"

पान उलटल्याचा आवाज आला. "शून्य."

"माझंही शून्य."

मग आमच्या घरात अशा वेळी जे म्हणतात ते म्हणाला. "अण्णांना सांगू नकोस."

"वेडा आहेस का. कशाला सांगेन."

१९

दाखला मिळाल्यावरही खासगी तालमी करता येतात. योजना बदला, बटण दाबा, दहा मिनिटांत नवा आकडा.

मी खोल्या बदलल्या. समुद्राकडच्या नकोत, बागेकडच्या. दाराबाहेर वाळूऐवजी जास्वंद. पाण्यापासून माणूस जितका लांब तितका सुरक्षित, याला संगणक कशाला हवा.

एकोणीस.

मी दोनदा बटण दाबलं. एकोणीस, मग एकवीस, मग पुन्हा एकोणीस. तालमींची नोंद वाचता येते. मी एक उघडली.

तालीम क्र. ६०४. चौथा दिवस.
५.४० प्रवासी दोन जागा होतो.
५.४४ चपला हातात घेऊन दार उघडतो.
५.५९ किनारा.
६.०२ पाण्यात.
६.३५ प्रवासी एक जागी होते.
६.३६ प्रवासी एक : "अण्णा?"
६.३७ प्रवासी एक : "अण्णा?"
६.३८ प्रवासी एक : "अण्णा?"

पुढे पान भरून तेच होतं.

मी बाहेर आले. अण्णा स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून शेवग्याच्या शेंगा तासत होते.

"काय गं, चेहरा का असा? विमान रद्द झालं?"

"नाही."

"मग बॅगेचं वजन जास्त भरलं असंल. तुझी आई कोल्हापूरला जायची तरी तीन पिशव्या."

"अण्णा, तिथे पाण्यात जायचं तर गाइड घ्यावा लागतो. मी सांगून ठेवलंय."

त्यांनी शेंग खाली ठेवली. "गाइड? मला?"

"नियम आहे." नियम नव्हता.

"किती वर्षांचं पोरगं असंल ते?"

"सव्वीस-सत्तावीस."

"बरं," अण्णा म्हणाले. "बुडायला लागलं तर काढतो त्याला."

८८

गाइड घातल्यावर अठ्ठ्याऐंशी.

तालीम क्र. १२. चौथा दिवस.
५.१० प्रवासी दोन जागा होतो. गाइडची वेळ ७.३०.
५.१२ बाहेर.

एवढंच वाचलं. मी यादी करायला बसले. गाइड काढायचा? काढल्यावर एकशे चार. चौथ्या दिवशी पहाटेच काचेच्या तळाची नाव ठरवायची? एकशे सदतीस. तिघांना मिळून एकच खोली? एकशे नव्वद. मी खाली आणायला जाई आणि आकडा वर जाई. तिसऱ्या दिवशी रात्री जड जेवण? याला तर मी स्वतःच हसले, पण बटण दाबलं. दोनशे दोन.

आता अण्णा नगरपालिकेच्या जलतरण तलावावर जाऊन आले की मी त्यांचे डोळे बघायची. लाल आहेत का. ते गच्चीवर गेले की दोन मिनिटांनी वाळत घातलेले कपडे आणायला जायची, कपडे ओले असले तरी. न्हाणीघरात गेले की बाहेरून विचारायची, गरम पाणी पुरलं का? एकदा आतून आवाज आला, "पुरलं. समुद्र नाही आत."

समुद्र का म्हणाले?

तलावावर जमीरभाई पंधरा वर्षं रखवाली करतात. त्यांना मी गाठलं. म्हटलं, अण्णा पाण्यात उतरले की एक मेसेज टाकायचा, वर आले की एक. ते हातातला झाडू तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले.

"बाई, शेडगेसाहेबांना मी सांगणार काय?"

"त्यांना सांगायचंच नाहीये."

आठ दिवस मेसेज आले. उतरले. आले. उतरले. आले. नवव्या दिवशी 'उतरले' आला आणि 'आले' आला नाही. मी रक्ताच्या पिशव्यांचा ट्रे तसाच टाकून रिक्षानं तलावावर गेले. ओले केस, गळ्यात टॉवेल, अण्णा बाकावर बसून जमीरभाईंबरोबर चहा पीत होते.

"ये," ते म्हणाले. "मीच त्याला म्हटलं, दुसरा मेसेज नको टाकू. बघू, किती मिनिटांत येतेस." घड्याळ पाहिलं. "अकरा. चांगलंय."

"अण्णा—"

"जमीरला लाज वाटली. त्यानं आपणहून सांगितलं मला." चहाचा कप खाली ठेवला. "तुला नाही वाटली."

दुसऱ्या दिवसापासून ते तलावावर जाईनासे झाले. सकाळी बाहेर पडत. कुठे, ते सांगत नसत. पट्टा मनगटावर होता, म्हणून मला कळायचं की कृष्णेच्या काठानं लांबवर चालतायत. रोज थोडं जास्त लांब.

४१२

त्या आठवड्यात योजनेत मी काहीही बदललं नव्हतं. नुसतं बटण दाबलं.

चारशे बारा.

मी कंपनीला फोन लावला. मशीन, मशीन, मशीन, शेवटी एक माणूस. त्यानं नाव सबनीस सांगितलं आणि आवाजावरून तो माझ्याएवढाच दमलेला वाटला.

"मॅडम, तुम्ही एकशे सोळा वेळा बटण दाबलंयत."

"मला कारण हवंय. माझे वडील असं का करणार आहेत?"

"डमीला 'का' नसतं हो. त्याला फक्त पुढचं पाऊल असतं. अमुक घडलं की हा माणूस बहुधा तमुक करतो. त्याच्या मनात काय आहे, हे आम्ही मोजत नाही. मोजता येत नाही."

"मग आकडा वाढतोय का? मी सगळं सुरक्षित करतेय."

टाइप केल्याचा आवाज आला. "तुमच्या वडिलांचा डमी रोजच्या पट्ट्यावरून रोज बदलतो, बरोबर? मग तुमचाही बदलतो. पहिल्या तालमीत तुमचा डमी दिवसातून चार वेळा 'अण्णा' अशी हाक मारत होता. कालच्या तालमीत एकतीस." तो थांबला. "आणि त्यांचा डमी त्या हाकेपासून लांब जाणारी वाट निवडतो. घरी असताना गाव आहे, नदीकाठ आहे. बेटावर, मॅडम, लांब जायला एकच दिशा आहे."

मी समोरच्या कागदावर एकतीस लिहिलं.

"एक सुचवू? मूळ प्रश्नावली पुन्हा भरून घ्या. कधीकधी सुरुवातीची उत्तरं घाईत दिलेली असतात. तुमच्या वडिलांनी चाळीस मिनिटांत दोनशे चाळीस भरलीयत. बहात्तराव्या वर्षी म्हणजे जोरातच."

अण्णांनी भरली नव्हती. मी भरली होती.

आमच्याकडे थोरांचे फॉर्म मुलं भरतात. पेन्शनचा हयातीचा दाखला, गॅसची जोडणी, बँकेचं केवायसी, सगळं मी किंवा रणजित. अण्णा विचारतात, "सही कुठं करू?" एवढंच. प्रश्नावलीला तर सहीही नव्हती. दुपारच्या चहाच्या वेळी मी एका हातात बिस्कीट धरून बहात्तर वर्षांचा माणूस भरून टाकला होता. 'उत्तरे कोण देत आहे?' या प्रश्नाला मी 'स्वतः' वर खूण केली होती, कारण दुसऱ्या पर्यायाला डॉक्टरचं पत्र लागत होतं.

आणि मी रक्तपेढीत काम करते. रोज सकाळी कुणीतरी बायको नवऱ्याच्या वतीनं सांगू लागते की यांना कावीळ झालेली नाही, हे दारू घेत नाहीत, आणि मी तिला हात करून थांबवते. ताई, तुम्ही नाही. रक्त ज्याचं, उत्तर त्याचं.

अण्णांच्या नावानं मी दिलेली उत्तरं उघडली. प्रश्न ११७ : सगळं सोडून निघून जावं असं तुम्हाला वाटतं का? पर्याय : कधीच नाही, क्वचित, अनेकदा.

अनेकदा.

कधी दाबलं, आठवत नव्हतं. त्या दिवशी कुणाचा विचार करून दाबलं, हेही सांगता येणार नाही.

आणि तरी मला हायसं वाटलं. चूक सापडली होती. पाण्यात जाणारा माणूस अण्णा नव्हताच. अर्धी मी होते.

११७

हा आकडा तालमीचा नाही, प्रश्नाचा आहे.

रविवारी सकाळी मी टॅबलेट अण्णांसमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. तीन. एकोणीस. चारशे बारा. गाइडचा नियम नव्हता हे. एक खोली. जड जेवण. रणजितला माहीत आहे, हेसुद्धा. सांगताना माझा आवाज ऑफिसात अहवाल वाचतात तसा येत होता.

अण्णांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "चारशे बारा वेळा बुडवलंस मला?"

"मी नाही, ते—"

"आणि पाण्यात. एखादा दगड तरी डोक्यात पाडायचा. पाण्यात मेलो तर खात्यातले लोक हसतील."

मी रडायला लागले. ते उठले नाहीत, जवळ आले नाहीत. आमच्यात ती पद्धत नाही. टॅबलेट पुढे ओढून चष्मा लावला.

"वाच. पहिला."

चार तास लागले. मधे दोनदा चहा. 'नवीन पदार्थ चाखायला आवडतो का?' याला मी 'नाही' लिहिलं होतं. अण्णा म्हणाले, "कधी विचारलंस? तुझी आई गेल्यापासून रोज तीच आमटी देतेस." 'गर्दीत अस्वस्थ वाटतं का?' मी 'हो' लिहिलं होतं. "छे. गर्दी बरी. कुणी बघत नाही." 'कुटुंबीयांपासून एखादी गोष्ट लपवता का?' यावर ते मोठ्यानं हसले. "हा प्रश्न तुला का नाही विचारत? आईचा रिपोर्ट आईला सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक होता."

"तिला त्रास होऊ नये म्हणून—"

"तिला कळलेलं होतं. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून तिनं दाखवलं नाही." ते पुढचा प्रश्न शोधायला लागले. "पाच महिने दोन्ही बाजूंनी नाटक. मी मधे. चल, पुढं."

एकशे सतरावा आला. मी वाचला. आवाज सरळ ठेवला.

खाली भंगारवाल्याची हाक गेली.

"पर्याय काय म्हणालीस?"

"कधीच नाही. क्वचित. अनेकदा."

"अनेकदा."

"अण्णा, क्वचित पण आहे."

"ऐकलं मी. क्वचित म्हटलं तर खोटं होईल." त्यांनी स्वतः बोट टेकवलं. "अनेकदा."

एवढा वेळ ज्या चुकीवर मी भार टाकून बसले होते ती चूक नव्हतीच. न विचारता मी बरोबर लिहिलं होतं.

"कुठे जावंसं वाटतं?" मी विचारलं. हा प्रश्न टॅबलेटवर नव्हता.

"खाली." ते सहज बोलले, बाजारात जातो म्हणावं तसे. "दाराच्या बुडाशी हात लावून थांबलो ना, की वरचं काही ऐकू येत नाही. पगार नाही, साहेब नाही. स्वतःचा श्वास तेवढा. तिथं बरं वाटायचं. आता आठवतं ते. घरात तुम्ही दोघं सारखी हाक मारता तेव्हा जास्त आठवतं."

"आणि वर यायचं नाही, असं वाटायचं?"

त्यांनी चष्मा काढला. "एकदोनदा वाटलं. खोटं कशाला बोलू. तुझी आई गेली त्या वर्षी तलावात तळाला बसलो की वाटायचं, बसून राहावं. मग छाती दुखायला लागायची आणि यायचो वर. रोज आलोय की."



"हे बघ," अण्णा म्हणाले. "पाणबुड्या खाली असतो तेव्हा वर एक जण दोर धरून बसतो. आमचा बाबू पवार होता. दोरवाल्याचं काम काय? एक झटका देऊन विचारायचं, बरं हाय का? आणि थांबायचं. खालून एक झटका आला की बरं हाय. तीन आले की ओढायचं. त्याच्या मनाला आलं म्हणून ओढायचं नाही. नवीन पोरं भितात, सारखी ओढतात. मग खालचा माणूस काय करतो माहिताय? दोर सोडून काम करतो. मेलेत असले. दोर सोडल्यानं मेलेत, पाण्यानं नाही."

"मी तर एकदाही विचारलं नाही," मी म्हटलं. "नुसतं ओढलं."

"व्हय." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "आता विचारलंस, सांगितलं. एकशे अठरा वाच."

दोनशे चाळीस झाल्यावर पडद्यावर हिरवं बटण आलं : नवी तालीम सुरू करा.

अण्णा उठून हात धुवायला गेले. जाता जाता म्हणाले, "दाबायचं तर दाब. पण जो आकडा येईल तो तिथं पाच दिवस तुझ्या तोंडावर दिसणार. मला तो बघायचा नाही. पाणी बघायचंय."

मी बटणासमोर बसले. त्यात दोनच शक्यता होत्या. आकडा लहान आला तर मी तो रोज पुन्हा तपासणार. मोठा आला तर सहल रद्द करणार, आणि अण्णा रोज सकाळी नदीकाठानं आणखी लांब जाणार, परवाना न लागणाऱ्या पाण्याकडे.

रणजितचा फोन आला. "भरली का प्रश्नावली? आकडा काय आला?"

"तीन," मी म्हटलं.

"बघ. म्हटलं नव्हतं?" त्याचा सुस्कारा मला ऐकू आला. त्याला मी कधी ना कधी खरं सांगेन.

टॅबलेट बंद केला. मग पुन्हा उघडून फक्त खोल्या बदलल्या. बागेकडच्या रद्द, वाळूकडच्या घेतल्या. गाइडला नको म्हणून कळवलं.

—

विमानात अण्णांना खिडकी दिली. उतरायच्या आधी वैमानिकानं विमान डावीकडे कलतं केलं आणि खाली नीरकल आलं : मधे नारळी, भोवती पांढरट हिरवं पाणी, आणि त्यापलीकडे एकदम कापल्यासारखा गडद निळा रंग. अण्णा काचेला कपाळ टेकवून बसले होते. रणजितनं माझ्याकडे पाहून अंगठा वर केला.

पहिल्या दिवशी ते गुडघाभर पाण्यात तासभर नुसते उभे राहिले, मान खाली घालून, स्वतःची पावलं बघत. दुसऱ्या दिवशी पाण्यातला चष्मा लावून पोहले, मी वाळूवर, रणजित जवळपास. एकदा वर येऊन ओरडले, "अगं, मासा माझ्याकडं बघतोय!" तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी भाताची दोन ताटं रिचवली आणि त्या निळ्या रंगाबद्दल वाढणाऱ्या माणसाला हातवारे करून विचारलं. तळ तिथे संपतो, त्यानं सांगितलं. भिंतीसारखा सरळ खाली जातो. मी पाणी प्यायले.

तीन दिवस मी मोजून हाका मारल्या. पहिल्या दिवशी नऊ. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी पाच, त्यांतली एक मीठ मागायला.

चौथ्या दिवशी मी कधी जागी झाले ते घड्याळात पाहिलं नाही. फटफटत होतं. शेजारच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग काही नाही. मी चादर मुठीत धरली. एक, दोन, तीन, चार.

माझ्या दारावर टकटक झाली.

अण्णा उभे होते. खांद्यावर टॉवेल, पाण्यातला चष्मा कपाळावर. पायांत चपला.

"जातोय," ते म्हणाले. "त्या निळ्यापर्यंत. तिथं कड आहे म्हणतात. ती वरनं बघायचीय."

"किती वेळ लागेल?"

"ते गेल्यावर कळंल."

माझ्या तोंडात तेव्हा किती वाक्यं होती. रणजितला उठवते. न्याहारी करून जा. ओहोटी आहे का बघू. एवढ्या लांब कशाला, कालचंच पाणी काय वाईट होतं. ती सगळी दातांमागे अडवून मी एक विचारलं.

"मी येऊ?"

त्यांनी खरंच विचार केला. समुद्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नको," म्हणाले. "आज नको."

"बरं."

ते आणखी क्षणभर थांबले, जणू मागून काहीतरी येणार याची त्यांना सवय झालेली होती. आलं नाही. मग पायऱ्या उतरले, चपला वाळूत काढल्या आणि त्यांवर टॉवेल ठेवला.

मी पायरीवर बसले. पाणी इतकं स्वच्छ होतं की सुरुवातीला मला त्यांचे पायही दिसत होते, पाण्याखाली सावकाश हलणारे. मग पाठ. मग फक्त डोकं, पांढऱ्या केसांचं. हात लयीत वर येत होते, उजवा, डावा, उजवा. घाई नव्हती. एक लाट आली आणि डोकं दिसेनासं झालं. लाट गेली. पुन्हा दिसलं, आधीपेक्षा लहान.

हाक ऐकू जाईल एवढं अंतर अजून होतं. मी दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले. हिरवं पाणी संपत आलं होतं.

मग हाक पोचणार नाही इतके ते लांब गेले, आणि मी बसून राहिले.